वाचकाला रतीब लावा : फीड आणि टपालयादीची मांडणी

"कामून हो सर, लिहायचं सोडलं का काय?"

दोन वर्षांपूर्वी अंबाजोगाईच्या आठवडी बाजारात एका ओळखीच्या गृहस्थांनी मला मेथीच्या ढिगाऱ्यापाशी अडवून विचारलं. मी मराठवाड्यातल्या बारवांवर, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींवर, आणि जुन्या देवळांवर लिहितो. त्याआधीच्या चार महिन्यांत मी सहा लेख टाकले होते. वालूरच्या चक्राकार बारवेवरचा लेख, जो माझ्या मते आजवरचा सगळ्यात बरा, तोही त्यातच होता. सगळ्या लेखांचे दुवे मी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले होते, त्यांच्याच गटात. पण त्या गटात रोज दीडदोनशे निरोप पडतात. सुप्रभातच्या फुलांखाली माझी बारव बुजून गेली होती.

बाजारात येणारं गिऱ्हाईक आणि रतीबाचं गिऱ्हाईक यांत फरक असतो. बाजारातलं गिऱ्हाईक आलं तर आलं. रतीब लावलेल्या घरी मात्र सकाळी दूध जातंच, त्यासाठी रोज ओरडावं लागत नाही. माझे सगळे वाचक बाजारातले होते आणि रतीबाचा एकही नव्हता, हे मला त्या मेथीपाशी कळलं. पुढचे काही महिने मी रतीब बसवण्यात घालवले. त्यात केलेल्या चुकांसकट ती मांडणी इथं लिहितो. तुमची वर्डप्रेसवर, ब्लॉगरवर किंवा स्वतः बांधलेली लेखनाची जागा आहे, असं धरून चालतो.

फीड म्हणजे काय, थोडक्यात

फीड ही तुमच्या साइटवरची एक साधी फाइल असते. ताज्या लेखांचं शीर्षक, तारीख, पत्ता आणि मजकूर तीत ठरावीक साच्यात ओळीनं लिहिलेला असतो. वाचकाच्या फोनातलं फीडली, आयनोरीडर किंवा 'फीडर'सारखं अ‍ॅप अधूनमधून ती फाइल उघडून बघतं आणि नवं काही दिसलं की वाचकापुढं ठेवतं. कोणाला काय दाखवायचं हे मधला कोणी ठरवत नाही.

हा साचा पहिल्यांदा १९९९ साली नेटस्केप कंपनीत तयार झाला. आज सर्वत्र चालतो तो आरएसएस २.० हा अवतार २००२ चा, आणि त्याचा भाऊबंद अ‍ॅटम २००५ चा. दोन्हींतलं कोणतं घ्यावं यावर डोकं शिणवू नका, सगळी अ‍ॅप दोन्ही वाचतात. गूगल रीडर हे त्या काळचं सर्वांत लोकप्रिय वाचक-अ‍ॅप १ जुलै २०१३ रोजी बंद झालं, तेव्हा पुष्कळांना फीडच मेलं असं वाटलं. प्रत्यक्षात एक दुकान बंद झालं होतं, माल जागेवरच होता. लोकांनी आपली यादी ओपीएमएल नावाच्या फाइलीत उतरवून दुसऱ्या अ‍ॅपमध्ये नेली आणि वाचन चालू राहिलं.

पहिलं काम : आपलं फीड शोधा आणि तपासा

बहुतेकांचं फीड आधीपासून चालू असतं, फक्त त्यांना ते ठाऊक नसतं. वर्डप्रेस असेल तर तुमच्या पत्त्यापुढं तिरकी रेघ देऊन इंग्रजी लहान अक्षरांत 'फीड' लिहा आणि उघडा. ब्लॉगरवर 'फीड्स', 'पोस्ट्स', 'डीफॉल्ट' हे तीन शब्द याच क्रमानं, प्रत्येकाआधी तिरकी रेघ देऊन लिहायचे. पडद्यावर कंसांनी भरलेला मजकूर दिसला तर घाबरू नका. तो यंत्रासाठीच असतो. दिसायला हवं ते हेच.

मग डब्ल्यू३सी या संस्थेची फुकट फीड-तपासणी सेवा आहे, तिच्यात तो पत्ता टाका. मराठी साइटवर माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त येणारी चूक अगदी फालतू असते : फाइलीच्या सुरुवातीलाच एखादी कोरी ओळ. कोणी तरी थीमच्या फाइलीत दोन ओळी चिकटवताना शेवटी जास्तीचा एंटर मारलेला असतो. माणसाला तो दिसत नाही, पण फीडचा नियम असा की पहिल्या अक्षरापासून साचा सुरू झाला पाहिजे, त्यामुळं कडक अ‍ॅप अख्खं फीड नाकारतात. अलीकडं कुठल्या फाइलीला हात लावला होता ते आठवा, आणि ती ओळ काढून टाका.

तिसरी चाचणी वाचकाच्या बाजूनं करा. फोनात एखादं वाचक-अ‍ॅप घ्या आणि त्यात फीडचा पत्ता न देता साइटचा नुसता मुख्य पत्ता टाका. अ‍ॅपनं फीड आपोआप हुडकून काढलं तर ठीक. नाही काढलं, तर साइटच्या माथ्याच्या भागात, म्हणजे 'हेड'मध्ये, फीड कुठं आहे हे सांगणारी 'लिंक अल्टरनेट'ची एक ओळ गायब आहे. वर्डप्रेस आणि ब्लॉगर ती बहुधा स्वतः घालतात. हातानं बांधलेल्या साइटवर ती राहून जाते. ही ओळ नसेल तर वाचकाला पत्ता पाठ करावा लागेल, आणि तो करणार नाही.

पूर्ण मजकूर द्या

वर्डप्रेसच्या 'सेटिंग्ज'मधल्या 'रीडिंग'मध्ये दोन गोष्टी असतात : फीडमध्ये ताजे किती लेख ठेवायचे (मुळात १० असतात, ते राहू द्या) आणि प्रत्येकाचा पूर्ण मजकूर द्यायचा की नुसता उतारा. ब्लॉगरवर हेच 'साइट फीड'खाली सापडतं, तिथं 'फुल' निवडा.

उतारा द्या म्हणजे लोक साइटवर येतील आणि आकडे वाढतील, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मी वर्षभर ते ऐकलं. मग लक्षात आलं की माझे निम्मे वाचक शेतात, एसटीत किंवा वीज गेलेल्या संध्याकाळी वाचतात. बालाघाटच्या खोऱ्यात गाडी उतरली की नेटवर्कची एक काडी राहते, कधी तीही जाते. अ‍ॅपनं घरच्या वायफायवर पूर्ण लेख आधीच उतरवून ठेवला असेल तर तो वाचला जातो. 'पुढे वाचा'वर बोट ठेवून फिरतं चक्र बघत बसणारा वाचक पुढच्या वेळी बोटच ठेवत नाही. दुसऱ्याला दुधाचा रतीब लावायचा आणि दारात रिकामी कॅन दाखवून 'दूध गोठ्यात आहे, या' म्हणायचं, असला तो प्रकार.

चोरीची भीती खरी आहे. पूर्ण फीड उचलून जसंच्या तसं छापणारी यंत्रं असतात. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक लेखाच्या शेवटी फीडपुरती एक ओळ जोडणं : हा लेख मूळ इथं प्रसिद्ध झाला, आणि पुढं तुमचा दुवा. ब्लॉगरमध्ये ती 'पोस्ट फीड फूटर'मध्ये लिहिता येते, वर्डप्रेसवर योस्टसारख्या प्लगिनात, म्हणजे साइटला जोडायच्या जास्तीच्या तुकड्यात, फीडसाठी वेगळी जागा असते. चोरानं उचललं तरी तुमचं नाव सोबत जातं. चोर ती ओळ कापण्याइतका कष्टाळू सहसा नसतो.

छायाचित्रांकडं वेगळं लक्ष द्या. साइट पटकन उघडावी म्हणून चित्रं उशिरा आणणारे प्लगिन असतात. त्यांच्यातले काही फीडमध्येही ढवळाढवळ करतात आणि अ‍ॅपमध्ये चित्राच्या जागी नुसता करडा चौकोन उरतो. माझ्या होट्टलच्या देवळाचं असंच झालं होतं. लेख शिल्पांवर आणि शिल्प एकही नाही.

मराठी शीर्षक आणि पत्त्याची भानगड

मराठीत लिहिणाऱ्याला ही अडचण रोजची आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

वर्डप्रेस शीर्षकावरूनच लेखाचा पत्ता बनवतं. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, हलन्तासकट, पत्त्यात टक्केवारीच्या खुणांत बदललं जातं आणि त्याला नऊ जागा लागतात. वर्डप्रेस या तुकड्याला २०० जागांपर्यंतच मुभा देतं. 'वालूरची चक्राकार बारव' हे तीन शब्द मोजून पाहा : एकोणीस चिन्हं, म्हणजे १७१, आणि मधल्या दोन रेघा, एकूण १७३. चौथा शब्द आला की पत्ता अर्ध्यातच तुटतो. वर हा पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा टपालात चिकटवला की टक्केवारीची आगगाडी दिसते, आणि शहाणा माणूस त्यावर बोट ठेवत नाही, कारण फसवणुकीचे दुवे असेच दिसतात.

ब्लॉगरचं उलटं. त्याला शीर्षकात रोमन अक्षरं सापडली नाहीत की तो पत्त्यात नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' लिहितो आणि पुढं आकडे लावतो. शंभर लेख झाले की कुठला कोणता ते तुम्हालाही सांगता येत नाही.

दोन्हींवर उपाय एकच : प्रसिद्ध करण्याआधी पत्त्याचा तुकडा स्वतः, रोमन लिपीत, दोनतीन शब्दांत लिहा. वालूर, मग आडवी रेघ, मग बारव. शीर्षक मराठीतच राहतं, फीडमध्येही मराठीच दिसतं. आणि एकदा लेख बाहेर पडला की पत्ता बदलू नका. जुन्या लेखांचे लांब पत्ते सुधारण्याचा मोह झाला तर आवरा.

हे मी सोसलेलं आहे. फीडमधल्या प्रत्येक लेखाला 'गाइड' नावाची एक ओळखखूण असते, जनावराच्या कानातल्या बिल्ल्यासारखी. अ‍ॅप त्या बिल्ल्यावरून ठरवतं की हा लेख आधी पाहिलाय की नवा आहे. मी स्वतःचं डोमेन घेतलं तेव्हा डेटाबेसमध्ये जुना पत्ता शोधून सगळीकडं नवा घातला, आणि त्या उत्साहात गाइडच्या रकान्यातही घातला. सकाळी प्रत्येक वाचकाच्या फोनात माझे दहाच्या दहा जुने लेख नवे म्हणून हजर. एका बाईंनी कळवलं, "सर, तब्येत बरी आहे ना?" साइट हलवताना बाकी सगळं बदला, तो रकाना सोडा. दिसायला जुना पत्ता राहतो, राहू द्या.

स्वतःचं डोमेन मात्र लवकर घ्या. फीडचा पत्ता तुमच्या नावाखाली असेल तर खालची सेवा उद्या बदलली तरी वाचकाला कळतही नाही. पूर्वी पुष्कळ जण स्वतःच्या फीडऐवजी फीडबर्नर नावाच्या मधल्या सेवेचा पत्ता वाटायचे. गूगलनं २००७ मध्ये ते विकत घेतलं आणि २०२१ मध्ये त्यातली ईमेलनं लेख पाठवण्याची सोय काढून घेतली. ज्यांनी वेळेत यादी उतरवून घेतली नव्हती, त्यांचे वर्षानुवर्षांचे वाचक हातचे गेले.

विषयवार फीड

सगळ्यांना सगळं नको असतं. माझ्या यादीत एक वास्तुरचनाकार आहेत, त्यांना फक्त बारवा हव्यात. माझ्या येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या) आंबिलाच्या आठवणींत त्यांना रस नाही. वर्डप्रेसवर कोणत्याही वर्गाच्या पानापुढं 'फीड' लावलं की त्या वर्गाचं वेगळं फीड मिळतं. ब्लॉगरवर मूळ फीडच्या पत्त्यापुढं तिरकी रेघ, आडवी रेघ, पुन्हा तिरकी रेघ आणि मग लेबलचं नाव. यासाठी लेबलं मोजकी आणि पक्की हवीत. 'बारव', 'बारवा' आणि 'पायविहीर' अशी तीन लेबलं ठेवलीत तर तीन अर्धवट फीड तयार होतील. मी सध्या चारच ठेवलीत.

टपालयादी : खरा रतीब इथं लागतो

आता कबूल करतो. आमच्याकडं फीडचं अ‍ॅप वापरणारे वाचक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. पण अँड्रॉइड फोन घेताना प्रत्येकाचं जीमेल खातं निघतंच, मग तो ते उघडो न उघडो. म्हणून फीडचं पाणी ईमेलच्या पाटात सोडायचं. वर्डप्रेसवर जेटपॅक या प्लगिननं हे जमतं. इतरत्र मेलचिंप किंवा बटनडाउनसारखी सेवा तुमचं फीड वाचते आणि नवा लेख आला की यादीला पाठवते. दर आणि फुकटच्या मर्यादा सारख्या बदलतात, नोंदणी करताना त्याच दिवशी बघून घ्या. मी पाहिली ती एकच गोष्ट : यादी साध्या तक्त्याच्या फाइलीत उतरवून घेता येते का? येत नसेल तर ती सेवा फुकट असली तरी महाग आहे.

नोंदणीची चौकट लेखाच्या शेवटी ठेवा. वर ठेवली तर माणूस वाचण्याआधीच ओलांडून जातो. चौकटीत फक्त ईमेल मागा. नाव, गाव, फोन मागितला की लोकांना कर्जवाल्यांचे फोन आठवतात. मजकूर साधा ठेवा. माझा असा आहे : "महिन्यातून दोनदा, रविवारी सकाळी, एक लेख. नको वाटला तर खाली एका टिचकीत बंद." 'सबस्क्राइब करा' असं लिहिलं होतं तेव्हा यूट्यूब समजून लोक घंटी शोधायचे.

नोंदणीनंतर पक्कं करण्याचा एक मेल जाऊ द्या, ज्यातल्या दुव्यावर टिचकी मारली तरच नाव यादीत चढतं. काही लोक इथं गळतात. गळू द्या. चुकीचे पत्ते आणि दुसऱ्यानं खोडसाळपणानं घातलेले पत्ते इथंच अडतात. लग्नाच्या आहेराच्या वहीतले किंवा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटातले पत्ते परस्पर यादीत घालू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचंही सूत्र हेच आहे : संमती समजून-उमजून दिलेली हवी, आणि ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं हवं.

मग येतो स्पॅमचा खड्डा. साइटच्या डोमेनवरचाच पत्ता प्रेषक म्हणून वापरा. जीमेलचा पत्ता प्रेषक दाखवून टपाल तिसऱ्याच सेवेतून सोडलं तर जीमेलला ते खोटं वाटतं, आणि वाटायलाच हवं. डोमेनच्या डीएनएस सेटिंगमध्ये, म्हणजे डोमेन जिथून घेतलं तिथल्या नोंदींच्या पानावर, एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन नोंदी घालायच्या असतात. त्यांचा मजकूर टपालसेवाच देते, तुम्ही फक्त चिकटवायचा. एसपीएफ सांगतं की माझ्या नावानं टपाल न्यायचा अधिकार कोणाला आहे. डीकिम म्हणजे सातबाऱ्यावर असते तशी डिजिटल सही. डीमार्क सांगतं की या दोन्हींत खोट आढळली तर त्या टपालाचं काय करायचं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी घाऊक टपाल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही आणि एका टिचकीत बाहेर पडण्याची सोय सक्तीची केली आहे. जीमेलच्या लेखी घाऊक म्हणजे दिवसाला ५००० पत्रं. आपण तिथवर जाणार नाही, पण नोंदी घातल्याच पाहिजेत, एक दुपार जाते इतकंच.

पहिलं स्वागताचं पत्र स्वतः लिहा, सेवेनं दिलेला इंग्रजी नमुना तसाच सोडू नका. त्यात तुमचे तीन चांगले लेख द्या, आणि शेवटी एक विनंती करा : "पोहोचलं असं एका शब्दात कळवा." उत्तर दिलं की जीमेलला कळतं की ही दोन माणसं ओळखीची आहेत, आणि पुढची पत्रं जाहिरातींच्या कप्प्यात पडण्याची शक्यता घटते. शिवाय उत्तरं वाचण्याजोगी असतात. आमच्या गल्लीतल्या निवृत्त तलाठीकाकांनी 'पोहोचलं'बरोबर तीन गावांतल्या बुजलेल्या बारवांचे गट नंबर पाठवले. पुढचे दोन लेख त्यातूनच निघाले.

वेळ ठरवताना आपल्या माणसांचं वेळापत्रक धरा. सोयाबीनची काढणी चालू असताना लांब लेख पाठवून काही होत नाही. येळवशीला लातूर-धाराशिवाकडची माणसं रानात असतात, त्या दिवशी पत्र जाऊच देऊ नका. आणि लेख प्रसिद्ध झाला की लगेच टपाल सुटेल अशी मांडणी करू नका. साइटवरची चूक दहा वेळा सुधारता येते, सुटलेलं पत्र परत बोलावता येत नाही. मी शनिवारी दुपारी लेख टाकतो, रात्री फोनवर वाचून काढतो, आणि रविवारी सातला टपाल सुटतं. 'शके'चं 'शेके' आणि 'यादव'चं 'यादवी' रात्रीतच सापडतं.

व्हॉट्सअ‍ॅपचं काय करायचं

सोडायचं नाही. फक्त त्याचं काम बदलायचं. प्रसारण यादीत २५६ जण मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच निरोप जातो. सप्टेंबर २०२३ पासून भारतात चॅनेल आले, ते गटापेक्षा बरे आहेत, कारण तिथं फुलं टाकायला कोणी येत नाही. पण चॅनेलचे अनुयायी तुम्हाला उचलून दुसरीकडं नेता येत नाहीत. म्हणून तिथं अख्खा लेख ओतू नका. एक छायाचित्र, चार ओळी, दुवा, आणि दर तिसऱ्या निरोपात "रविवारी थेट मेलवर हवं असेल तर इथं पत्ता द्या." बाजारात चव दाखवायची आणि रतीब घरी लावायचा.

देखभाल

महिन्याच्या पहिल्या तारखेला यादी उतरवून स्वतःच्या संगणकावर ठेवा. मी हे विजेचं बिल भरतो त्याच दिवशी करतो, म्हणजे विसरत नाही. एक फालतू दुसरं ईमेल खातं काढून स्वतःच यादीत राहा, आणि प्रत्येक पत्र कुठल्या कप्प्यात पडतंय ते बघत चला.

किती जणांनी पत्र उघडलं या आकड्यावर जीव लावू नका. २०२१ पासून अ‍ॅपलचं मेल अ‍ॅप पत्रांतली चित्रं आपणहून उतरवून ठेवतं, त्यामुळं न उघडलेलं पत्रही उघडल्यासारखं दिसतं. फीडचे वाचक तर नीट मोजताच येत नाहीत. मी दोनच गोष्टी लिहून ठेवतो : किती उत्तरं आली आणि किती जण गेले. एका लेखानंतर नेहमीपेक्षा जास्त माणसं गेली तर तो लेख पुन्हा वाचतो. बहुतेक वेळा लांबलेला असतो.

वर्षातून एकदा, साधारण पाडव्याच्या आसपास, ज्यांच्याकडून वर्षभर एकही टिचकी नाही त्यांना एक छोटं पत्र पाठवा : "ठेवू का काढू?" उत्तर नाही आलं तर काढा. मेलेले पत्ते सांभाळले की जिवंत वाचकांचं टपालही स्पॅमकडं ओढलं जातं. यंदा असं पत्र गेल्यावर बाजारातल्या त्या गृहस्थांचं उत्तर आलं : "काढू नका. वाचणं होत नाही सध्या, पण येऊ द्या, बरं वाटतं."

त्यांना ठेवलंय.